रंगाऱ्याच्या शेगडीवरचा हिरवा

रंगाऱ्याचं घर पत्ता न विचारता सापडायचं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की समोर दोन भिंतींच्या मधे ताणलेल्या दोऱ्या दिसायच्या आणि त्यांवर वाळत घातलेलं कापड. कधी पिवळं, कधी जांभळं, कधी भाजलेल्या विटेसारखं. वारा सुटला की कापड फुगायचं आणि खालून जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्याचा उजेड पडायचा. आपण कुठल्या रंगातून चाललो आहोत हे त्या माणसाला ठाऊकही नसायचं. वरच्या खिडकीतले आबा मात्र ते बघत असायचे.

आबा म्हणजे रंगाऱ्याचे वडील. खाली हंडे आणि भट्ट्या, मागे पाण्याचा हौद, वर दोन खोल्या, मागच्या खोलीत शेगडी, आणि पुढच्या खोलीला ती एक खिडकी. जन्मभर आबांनी ह्याच अंगणात कापड रंगवलं होतं. आता गुडघे कुरकुरत होते, हातांना ढवळायचा दांडा पेलत नव्हता, पण डोळा जिथल्या तिथं होता. गिऱ्हाईक एखादी चिंधी घेऊन यायचं आणि अगदी हाच रंग पाहिजे म्हणायचं. रंगारी रंग कालवायचा, तुकडा बुडवायचा, पिळायचा आणि अंगणातूनच वर धरायचा.

"निळा उणा आहे," आबा खिडकीतून म्हणायचे.

"आबा, तोच आहे."

"निळा उणा आहे म्हटलं ना. डोळे धुऊन ये."

रंगारी चिमूटभर निळा घालायचा आणि आबांचंच खरं निघायचं. रंगाऱ्याला ह्याचा राग येत नसे. त्याला कापडाची नस कळायची. कुठलं कापड किती पितं, कुठलं रंग घेताना आढेवेढे घेतं, हे तो नुसता हात फिरवून सांगायचा. पण दोन हिरव्यांमधला फरक त्याला त्या खिडकीतूनच कळायचा. एकाचे हात आणि दुसऱ्याचा डोळा, असा तो खरं तर एकच रंगारी होता, दोन मजल्यांवर विभागून राहिलेला.

आई होती तोवर दोघांनी कधी शेगडीकडे वळून पाहिलं नव्हतं. आई गेल्यावर कोपऱ्यावरच्या खाणावळीतून डबा यायला लागला. पुढे खाणावळवाल्या बाई थकल्या, लेकीकडे राहायला गेल्या, आणि डबा बंद झाला. मग चहा आणि पाव. दुसऱ्या दिवशी पाव आणि चहा. रंगारी एकटा जीव. लग्न करायचं त्याचं राहून गेलं होतं, जसं छपराचं गळतं ठिकाण बुजवायचं राहून जातं. त्याचं काय, तो दगडही पचवायचा. पण आबांचे दात गेले होते आणि नवी कवळी तोंडात कमी आणि पेल्यात जास्त राहायची. त्यांच्या जिभेचीही चव वयाबरोबर उतरली होती. गोड-खारट एवढंच कळायचं. तरी ते तक्रार करत नसत. पाव चहात बुडवायचे, त्याला रंग चढताना बघायचे आणि अर्ध्यातच ठेवून द्यायचे.

एक दिवस ताई आली.

ताई रंगाऱ्याहून मोठी. मोठ्या गावात एका शाळेचं जेवणघर तिच्या हाताखाली होतं. तिथली पातेली एवढी मोठी की माणूस आत उभा राहून घासू शकेल, आणि ताईचा आवाज त्या पातेल्यांना पुरून उरेल असा. ती घरात शिरली, चप्पल काढली, आबांच्या पाया पडली आणि उठताउठता तिची नजर त्यांच्या कमरेवर गेली.

"आबा, उभे राहा बरं जरा."

आबा उभे राहिले. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं एक नवं भोक होतं आणि उरलेली शेपटी बाजूला लोंबत होती.

"हे कोणी पाडलं?"

"मीच. बघ, कसं गोल पडलंय."

"गोल पडलंय म्हणे. बाळ्या, वर ये."

बाळ्या म्हणजे रंगारी. केस पिकायला आले होते, पण ताईच्या तोंडी तो बाळ्याच होता. तो कोपरापर्यंत जांभळे हात घेऊन दारात उभा राहिला.

"काय खायला घालतोस ह्यांना?"

"पाव."

"आणि?"

"चहा."

"आणि?"

रंगाऱ्यानं आबांकडे बघितलं. आबांनी खिडकीबाहेर बघितलं.

"बिस्किट," रंगारी म्हणाला. "कधीमधी."

ताई खुर्चीत बसली. ती रागावली नव्हती, आणि तेच वाईट होतं. "मी ह्यांना घेऊन जाते," ती शांतपणे म्हणाली. "तुझ्याच्यानं होत नाही, त्यात तुझी चूक नाही. माझ्याकडे वेळेवर ताट मिळेल, बिछाना मिळेल, जिना चढायला नको, लिफ्ट आहे."

"तुझ्या घरच्या भिंती कुठल्या रंगाच्या गं?" आबांनी विचारलं.

"पांढऱ्या."

"आणि पडदे?"

"तेही पांढरेच. स्वच्छ वाटतं."

"मग मी तिथं बघू काय?"

"टीव्ही बघा."

खाली दोरीवर केशरी चादरी वाळत होत्या, त्यांच्याकडे आबा बघत राहिले. ती खिडकी रिकामी झालेली रंगाऱ्याला दिसली. खालून तुकडा वर धरायचा, आणि वर कोणीच नाही.

"ताई, मला एक महिना दे," तो म्हणाला. "मी करतो स्वयंपाक."

"तू?"

"हो. मी."

ताईनं त्याच्या हातांकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "बरं. महिन्यानं येते. पट्टा मागच्या भोकावर आलेला दिसला नाही, तर आबांचे कपडे मी माझ्या हातानं पिशवीत भरीन. आणि तेव्हा मधे बोलायचं नाही."

जाताना ती एक मोठी रिकामी पिशवी खुंटीला लटकवून गेली. आठवण राहावी म्हणून.

दुसऱ्या सकाळी भाजीवाल्या मावशींची गाडी गल्लीत आली तेव्हा रंगारी दारातच उभा होता. मावशींनी त्याला जन्मात कधी भाजी विकली नव्हती.

"मावशी, दात नसलेल्या माणसाला काय द्यावं?"

"कोण, आबा? पालक घे. लवकर शिजतो, चावायला लागत नाही, अंगाला लागतो. आणि तुझ्यासारख्याला सोपा. धुवायचा आणि शिजवायचा, त्यात काय आहे?"

त्यात काय आहे, असं रंगाऱ्यालाही वाटलं. रंगाच्या भांड्यांना तांबडा दोरा बांधलेला असायचा, ती भांडी जेवणाकडे न्यायची नाहीत हा आबांचा जुना दंडक. म्हणून त्यानं आईचं पातेलं माळ्यावरून काढलं, घासलं, पालक स्वच्छ धुतला. पुढे त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. आच मंद ठेवली. वर घट्ट झाकण बसवलं. मधूनमधून सावकाश ढवळलं. चांगला वेळ गेल्यावर आच बंद करून त्याच पाण्यात सगळं तसंच मुरत ठेवलं, म्हणजे सगळीकडे सारखं होईल. मग घोटलं, मीठ-मिरी घातली आणि वाडगा पुढच्या खोलीत नेला.

आबांनी वाडगा उजेडाकडे कलता केला.

"हे काय आहे?"

"पालकाचं सूप."

"पालक हिरवा असतो."

"होता."

"ह्या रंगाचं कापड मी गिऱ्हाइकाला दाखवलं नसतं," आबा म्हणाले आणि वाडगा बाजूला सारला. जिभेचं काम डोळ्यांवर आलं होतं, आणि डोळे काही खपवून घेणारे नव्हते.

रंगाऱ्यानं वाडग्यात पाहिलं. खरंच, खाकी. चौकीदाराच्या जुन्या कोटासारखा. त्यानं विचार केला आणि त्याला वाटलं, चूक सापडली. रंग पक्का केलाच नाही. लोकरीला रंग देताना हंड्यात व्हिनेगर घालतात, की रंग जन्माचा बसतो. पुढच्या वेळी त्यानं पालकात चमचाभर व्हिनेगर घातलं, झाकण आणखी घट्ट लावलं आणि मन लावून वाट बघितली. झाकण काढलं तेव्हा आतला प्रकार पाहून तो स्वतःच एक पाऊल मागे सरला. आधीचा खाकी ह्याच्यापुढे पोपट होता.

"हा मात्र पक्का बसलाय," आबा म्हणाले. "हा आता धुतला तरी जायचा नाही. तूच खा."

रंगाऱ्यानं खाल्लं. तोंडाचा चंबू झाला, पण खाल्लं. आबांनी त्या दिवशी पुन्हा पाव चहात बुडवला. खुंटीवरची पिशवी वाऱ्यानं हलत होती.

मावशींनी दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड बघूनच ओळखलं. "बिघडला ना?"

"मावशी, तुमचा पालक कच्च्या रंगाचा आहे."

"माझ्या पालकाला नावं ठेवू नकोस. काय केलंस ते सांग."

त्यानं सांगितलं. मंद आच, घट्ट झाकण, सावकाश ढवळणं, मुरवणं, व्हिनेगर. मावशी गाडीच्या दांड्याला धरून हसल्या. हसताहसता खाली बसल्या. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

"अरे रंगाऱ्या, पालकाला काय भट्टी लावलीस? झाकण का ठेवलंस?"

"झाकण न ठेवता हंडा कोण लावतं?"

"पालक शिजवणारा लावतो. झाकण ठेवलंस की त्याचा जीव गुदमरतो. पाणी खळखळा उकळू दे, मोठ्या आचेवर, झाकण नको. पालक टाक. पानं मान टाकतात न टाकतात तोच बाहेर काढ आणि गार पाण्यात बुडव. आणि आंबट काही असेल ते अगदी शेवटी. खाणाऱ्याच्या हातात वाडगा गेला की मग."

रंगारी हंड्यांकडे परत जाताना वाटेतच थांबला. सगळंच उलटं होतं. त्याची उभी हयात एकाच कामात गेली होती, नसलेला रंग चढवायचा आणि तो निघणार नाही असा बसवायचा. झाकण, मंद आच, धीर, हे सगळं त्यासाठी. पालकाचा रंग आधीच चढलेला होता. शेतात, उन्हात, कोणीतरी आधीच काम पुरं करून ठेवलं होतं. त्याला फक्त त्यात लुडबूड न करता बाजूला व्हायचं होतं. आणि नेमकं तेच त्याला कधी कोणी शिकवलं नव्हतं.

त्या दुपारी त्यानं झाकण माळ्यावर टाकून दिलं. पाणी उसळू लागलं तसा पालक सोडला, आणि पानं रंगानं अशी उजळली की तो बघतच राहिला. मग भानावर येऊन घाईघाईनं ती गार पाण्यात घेतली. एक बटाटा उकडला होता, तो आणि पालक एकत्र वाटले. लोण्यात लसूण जराशी परतली, त्यात वाटण घालून फक्त कढत केलं आणि पळतच पुढच्या खोलीत गेला.

आबांनी वाडगा उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"हं," ते म्हणाले.

आबांच्या तोंडून हं यायला चांगले चांगले रंगारी जन्मभर झुरले होते. त्यांनी चमचा घातला आणि वाडगा रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

तिथून पुढे त्या घरात पालकाचं राज्य आलं. सकाळी प्यायला रंगारी पालक, काकडी, हिरवं सफरचंद आणि आल्याचा तुकडा गार पाण्याबरोबर वाटून गाळायचा आणि लिंबू पेल्यात पिळायचा, तेही आबांनी पेला हातात घेतल्यावर. आबांच्या पांढऱ्या मिशांना हिरवी कड लागायची आणि ती दुपारपर्यंत तशीच असायची, कारण पुसा म्हणून सांगायची कोणाची छाती नव्हती. ऊन तापलं की पातळ केलेल्या दह्यात पालक आणि पुदिना घुसळून चिमूटभर मीठ. कधी तव्यावर लसणीत पालक परतून त्यात खळगे करायचे आणि प्रत्येक खळग्यात एक अंडं फोडायचं. हे आबांना फार आवडलं. "हिरव्याच्या मधे पिवळा ठेवावा तर असा," ते म्हणायचे, आणि पिवळं फुटू नये म्हणून कडेकडेनं खात यायचे. भात मात्र वेगळा शिजवून घ्यायचा आणि बारीक चिरलेला पालक उतरवताना मिसळायचा. सगळा भात हिरवा झालेला आबांना चालत नसे. दाणा पांढरा दिसला पाहिजे, हिरवा त्याच्या अंगाला लागून गेला पाहिजे.

हळूहळू आबा रंगांना नावं द्यायला लागले. सूप तळ्याकाठचं. पेला पोपटाच्या छातीचा. अंड्यातला पालक सावलीतला.

"आज काय?" ते खिडकीतून खाली विचारायचे.

"सावलीतला," रंगारी खालून ओरडायचा, आणि नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं हे कापडाचं चाललंय.

आणखी एक नवल झालं. रंगारी कामाला रबरी हातमोजे घालायला लागला. निळ्या नखांनी धुतलेला पालक आपण खाणार नाही, असं आबांनी एकदाच सांगितलं होतं. लहानपणापासून हातमोज्यांवरून आबांनी त्याला किती बोल लावले होते, तेव्हा ऐकलं नाही, ते पालकानं करून दाखवलं.

पट्टा एक दिवस आपसूकच मागच्या भोकावर आला. आबांनी ते कोणाला सांगितलं नाही. फक्त जेवून उठताना पट्ट्यावर हात फिरवायचे, आणि रंगारी ते न बघितल्यासारखं करायचा.

ताई यायची ठरली त्याच्या आदल्याच दिवशी ती दारात उभी राहिली. शाळेला सुट्टी होती. रंगारी तेव्हा खाली मोठ्या हंड्यावर होता. चादरी रंगात होत्या, दांडा हातात होता. अशा वेळी ढवळणं थांबलं की कापडाला डाग पडतात आणि सगळं काम वाया जातं.

"चालू दे तुझं," ताई म्हणाली आणि सरळ जिना चढली. थोड्या वेळानं वरून तिचा आवाज आला. "इथं पालक धुऊन ठेवलाय तो कशाला?"

"सुपाला. मी येतोच, थांब."

"तू कशाला येतोस? मी करते ना."

रंगाऱ्याचा दांडा क्षणभर अडखळला. वर पातेल्याचा आवाज झाला. मग माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज झाला, आणि तो आवाज त्यानं ओळखला.

"ताई," तो ओरडला, "झाकण..."

"सापडलं, सापडलं. माळ्यावर टाकून दिलं होतंस, वेंधळ्या. ठेवलंय मी, काळजी करू नकोस."

रंगाऱ्यानं डोळे मिटले. हंडा सोडता येत नव्हता. वरून ताईचं गुणगुणणं ऐकू येत होतं, आणि मधेच ती आबांना सांगत होती की लिंबू शिजतानाच घालावं, अंगी लागतं. आमच्याकडे पोरांना असंच करते. रंगारी ढवळत राहिला. त्याला पुढचं सगळं दिसत होतं. आबा वाडगा उजेडात धरणार. आबा वाडगा बाजूला सारणार. ताई म्हणणार, बघ, खात नाहीत, आणि खुंटीवरून पिशवी काढणार. आणि ताईला तिच्या स्वयंपाकाबद्दल तोंडावर सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

चादरी दोरीवर टाकून तो वर गेला तेव्हा वाडगा आबांच्या समोर होता. ताई शेजारी हात बांधून उभी होती. रंगाऱ्यानं एक नजर टाकली. चौकीदाराचा कोट, बाह्यांसकट.

आबांनी वाडगा उजेडात धरला. मग लेकीकडे पाहिलं.

"तू केलंस, पोरी?"

"मी केलं. खा."

आबांनी वाडगा मांडीवर घेतला, मान खिडकीकडे वळवली आणि दोरीवरच्या चादरींवर डोळे लावून खायला सुरुवात केली. एकदाही खाली बघितलं नाही. चमचा चाचपडत वाडग्यात जायचा, तोंडाकडे यायचा. आबांनी तळ खरवडला, मिशा पुसल्या आणि वाडगा लेकीच्या हातात दिला.

"झालं," ते म्हणाले.

ताईचा चेहरा खुलला. "बघितलंस, बाळ्या? चांगलं घरचं पुढे आलं की जेवतात. म्हणूनच म्हणते, माझ्याकडे चला. रोज असं करून घालीन."

आबांची मान झटकन वळली. रंगारी भिंतीला टेकला. न खाल्लं तर नेणार होती, आणि खाल्लं तर त्याहून नेणार होती.

"पोरा," आबा म्हणाले, "आता माझं जेवण आण."

"आत्ता जेवलात ते काय होतं मग?" ताईनं विचारलं.

"ते तुझ्यासाठी जेवलो. आता माझ्यासाठी जेवतो."

रंगाऱ्यानं हातमोजे काढले, हात धुतले आणि शेगडी पेटवली. ताई त्याच्या मागे येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, शाळेत नवी बाई कामाला आली की उभी राहते तशी. पाणी उसळायला लागलं.

"झाकण?"

"नको."

"आच मोठी आहे."

"असू दे."

त्यानं उरलेला पालक पाण्यात सोडला. पानं उजळली. ताई पातेल्यावर वाकली. त्यानं पानं गार पाण्यात घेतली, वाटली, लोण्यात लसूण परतली, कढत केलं, आणि दोन वाडगे भरले. एक आबांपुढे ठेवला, एक ताईच्या हातात दिला. लिंबाची फोड शेजारी ठेवली. "हवं तर आता पिळ," तो म्हणाला.

आबांनी वाडगा उजेडात धरला. "तळ्याकाठचा," ते म्हणाले आणि ह्या खेपेला वाडग्यात बघत खाल्लं.

ताईनं एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग खिडकीशी जाऊन वाडगा उजेडात धरला, अगदी आबांसारखा, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

"आमची पोरं पालकाच्या दिवशी ताटं तशीच परत देतात," ती म्हणाली. "मी म्हणायचे, लाडावलेत. एवढ्या मोठ्या पातेल्यात करायचं, झाकून ठेवायचं, दुपारी वाढायचं. खाकी व्हायचा. मला वाटायचं, शिजला की पालक असाच होतो."

"मलाही तसंच वाटलं होतं," रंगारी म्हणाला. "मी तर व्हिनेगरही घातलं होतं."

"व्हिनेगर? कशाला?"

"रंग पक्का व्हायला."

ताई हसली. आधी नाकातून, मग तोंड उघडून, मग वाडगा खाली ठेवून. आबाही कवळीशिवाय हसले, आणि आबा तसे हसले की समोरचा हसल्याशिवाय राहत नसे.

हसणं ओसरल्यावर ताई म्हणाली, "आबा, उभे राहा."

आबा उभे राहिले आणि सदरा थोडा वर केला. पट्टा मागच्या भोकावर होता. खिळ्यानं पाडलेलं भोक मोकळंच, नुसतं गोल.

ताईनं खुंटीवरची पिशवी काढली. ताईचं काही सांगता येत नसे. तिनं पिशवी झटकली, घडी घालून काखेत मारली. मग खिडकीत ठेवलेल्या आपल्या वाडग्याकडे बोट दाखवलं.

"ह्या रंगाचे पडदे होतील का?"

"होतील," आबा म्हणाले. "कुणाला पाहिजेत?"

"मला. तुम्ही म्हणालात ते डोक्यातून जात नाही. दार उघडलं की सगळं पांढरंच पांढरं. नजर कुठं टेकवावी कळत नाही. पण अगदी हाच पाहिजे. जरा इकडेतिकडे झालेला मला चालायचा नाही."

"मग मला इथं बसावं लागेल," आबा गंभीरपणे म्हणाले. "हा एकटा जुळवू शकत नाही. निळा नेहमी उणा पडतो ह्याच्याकडून."

"ते दिसतंयच," ताई म्हणाली. "बसा मग."

पुढच्या आठवड्यात तीच पिशवी परत आली, पांढऱ्या पडद्यांनी गच्च भरलेली. वर ताईचा निरोप होता, की शाळेत झाकण काढलं, पालक घाण्याघाण्यानं करते. अर्धी पोरं खायला लागली आहेत, बाकीची अजून पोरंच आहेत.

रंगाऱ्यानं त्या सकाळी सूप केलं आणि वाडगा खिडकीच्या कट्ट्यावर, आबांच्या कोपराशी ठेवला. मग धावत खाली गेला. हंड्यात पिवळा कालवलेला होता, निळा बाजूला तयार होता. त्यानं पडद्याची एक पट्टी बुडवली, पिळली आणि वर धरली.

आबांनी वाडग्यात पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. "निळा उणा आहे."

रंगाऱ्यानं निळा घातला.

"अजून. आणि हात चालव जरा, हा माझ्यासमोर म्हातारा होतोय."

खरंच होत होता. वाडगा निवत होता आणि कडेनं हिरवा किंचित मलूल पडायला लागला होता. रंगाऱ्यानं आणखी एक कण निळा घातला, पट्टी बुडवली, पिळली, वर धरली. भाजीवाल्या मावशी गाडी थांबवून मान वर करून बघत होत्या. आबा पुढे झुकले.

"हं," ते म्हणाले.

रंगाऱ्यानं दांडा उचलला आणि पडदे हंड्यात सोडले. झाकण लावलं. आच मंद केली. इथं त्याचं राज्य होतं. मग वर बघून ओरडला, "आबा, तो वाडगा तसाच ठेवा हं. उरलेल्या पडद्यांना नमुना लागेल."

खिडकीतून चमचा वाडग्याच्या तळाला लागल्याचा आवाज आला.

"नमुना संपला," आबा म्हणाले. "उद्या नवा कर."